पलीकडच्या खाटेचा करंट

१

मंठ्याच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर माझा दवाखाना आहे. पाटीवर माझं नाव, प्रियदर्शनी, आणि खाली फिजिओथेरपी असं लिहिलंय, पण ती पाटी वाचून आजवर कुणी आलेलं नाही. लोक रिक्षावाल्याला "करंटच्या दवाखान्यात सोड" म्हणतात आणि तो बरोबर सोडतो. गुडघ्याच्या पेशंटला जिना चढायला लावते म्हणून सगळ्यांनी मला बोलून घेतलेलं आहे, तेव्हा त्याबद्दल आता कुणी नव्याने बोलू नये.

आत दोन खाटा, मधे हिरवा पडदा, आणि दोन्ही खाटांच्या उशाशी, दुखण्यावर करंट द्यायचं एकच मशीन. त्यातून वायरींच्या दोन जोड्या निघतात. खरं तर त्या एकाच माणसाच्या दोन दुखण्यांसाठी असतात. पण मी एक जोडी अलीकडच्या खाटेवर देते आणि दुसरी पडद्याखालून पलीकडच्या. पुस्तकात असं कुठे सांगितलेलं नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मंठ्याचा बाजारचा दिवस पाहिलेला नसतो.

मशीन तसं गुणी आहे. वायरीच्या टोकाचे पॅड कुणाच्या अंगावर नसले, तर त्या जोडीचा लाल दिवा लागतो, मशीन पीं पीं करत राहतं आणि करंट सोडतच नाही. पॅडखाली अंग मिळालं की दिवा हिरवा.

रखमाजी आणि दैवशालाबाई आष्टीच्या बाजूच्या एका खेड्यातून बसने जोडीने यायचे. रखमाजींची कंबर जन्मभराच्या कामाने आखडलेली. दैवशालाबाईंना आदल्या वर्षी लकवा मारला होता. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, पण उजवा हात लोंबकळतच राहिला, मनगटापुढे अगदी बधिर. दोघांना शेजारीशेजारीच झोपायचं असायचं. तो पलीकडे पालथा, ही अलीकडे उताणी, आणि मधे पडदा. मग पडद्याआडून संसार चालू व्हायचा.

"लागून राह्यला का तुमाला?" ही विचारायची.

"लागतो की. मस्त लागतो. तुला?"

"मला कुठं काय कळतं."

"मंग माझ्यातला थोडा घे ना!"

मी हसायची. दैवशालाबाईंची वेणीसुद्धा रखमाजीच घालायचे. भांग डोक्याच्या मधून निघायचा आणि कानाकडे जाऊन थांबायचा. "बैलाच्या शेपटाला गाठ मारल्यावानी येणी घालतेत," असं त्या मला नवऱ्यादेखत सांगायच्या, आणि पलीकडून खुसखुस ऐकू यायची. त्यांचं बोलणं ऐकताना मला बरं वाटायचं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

२

पोळ्याच्या आधी रखमाजी गेले. दुपारी जेवून बाजेवर पडले, ते उठलेच नाहीत.

तेरवी झाल्यावर दैवशालाबाई एकट्याच बसने आल्या. जिन्यात त्या मधेच थांबल्या, तेव्हा मी खाली जाऊन हात धरला. केस कुणीतरी नीट विंचरून घट्ट बांधून दिले होते. सरळ भांगाची मला सवय नव्हती, बघवेना.

"सोमेश्वर दिवाळी झाली की न्यायला येणार हाय," खाटेवर बसत त्या म्हणाल्या. सोमेश्वर त्यांचा मुलगा, संभाजीनगरला कंपनीत आहे. "पोरगा वाईट न्हाई म्याडम. सून बी लई चांगली. पर तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? इथं माझं घर हाय, शेळी हाय, मालक हितंच राह्यले, हितंच गेले. त्यो म्हणतो, एका हातानं माय एकली कशी राहशील. बराबर हाय त्याचं. दोन हात पाहिजेतच. तुमी हात चालता करा, मंग मी न्हाई म्हणून सांगते त्याला."

दिवाळीपर्यंत हात चालता होणार नाही, हे मला माहीत होतं. वर्ष उलटून गेलेला हात एवढ्यात परत येत नाही. पण बाईच्या तोंडावर ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, करू की.

त्यांच्या हाताला पॅड लावले. दुसऱ्या जोडीची जागा पलीकडच्या खाटेवरच असते, तिथे ती पडलेली होती. आणि सवयीने मी दोन्ही बटणं दाबली.

पीं पीं झालं नाही.

करंट सुटला की बोटं उचलली जातात, मधे विश्रांती येते तेव्हा पडतात, पुन्हा उचलली जातात. ते काम मशीनचं, हाताचं नव्हे. वर्षभर मी तेच बघत होते. त्या दिवशी करंट सुटला, बोटं उठली. विश्रांती आली. बोटं तशीच वर राहिली.

मी त्या हाताकडे बघत उभी राहिले. मग मशीनकडे पाहिलं. दोन हिरवे दिवे लागले होते.

३

पहिल्यांदा मला वाटलं, चादर ओली असेल. ओल्या कापडातूनही करंट जातो. मी पडदा सारून चादर चाचपली, कोरडी ठणठणीत. तरी बदलली. पॅड उचलले तसा दिवा लाल झाला आणि मशीन ओरडायला लागलं. अलीकडे दैवशालाबाईंची बोटं खाली पडली.

"काहून बंद केलं?" त्यांनी विचारलं. "आत्ता तर हात माझा वाटून राह्यला व्हता."

मी पॅड परत खाटेवर ठेवले. दिवा हिरवा. बोटं वर.

पुढच्या वेळी त्या यायच्या दिवशीच मी सोहेबला बोलावून घेतलं. तो जालन्याहून असली मशीनं दुरुस्त करायला येतो, तोंडाचा पट्टा चालू ठेवून काम करतो आणि चहा दोनदा घेतो. अलीकडे दैवशालाबाई पडलेल्या, त्यांची जोडी चालू. दुसरी जोडी सोहेबने स्वतःच्या मनगटाला लावली. हिरवा. काढली, लाल. खुर्चीवर ठेवली, लाल. फरशीवर, लाल. पलीकडच्या खाटेवर ठेवली आणि हिरवा दिवा लागला.

"अरे?" तो म्हणाला. त्याने पॅड उचलले, झटकले, परत ठेवले. हिरवाच. मग त्याने खाटेवर तळवा टेकवला आणि तिथेच थांबला.

"म्याडम, आत्ता इथून कोणी उठून गेलं का?"

"सकाळपासून कुणी झोपलंच नाही तिथे."

त्याने तळवा पँटला पुसला. "मशीन बिलकुल ठीक हाय. मशीनमधी काही प्राब्लेम न्हाई," असं म्हणून सामान भरायला लागला. चहा आला होता, तो तसाच राहिला. जिन्यातून त्याची पावलं फार घाईने खाली गेली.

मी पलीकडे जाऊन खाटेला हात लावला. रेक्झीनच्या गादीचा मधला भाग कोमट होता. उन्हाने तापली म्हणावं, तर खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.

४

मी शिकलेली बाई आहे. मेंदूचा एक भाग मेला तर शेजारचा भाग त्याचं काम शिकतो, कधीकधी उशिराही शिकतो, हे मला पाठ आहे. दैवशालाबाईंचा मेंदू शिकतोय, दिव्याचा आणि हाताचा काही संबंध नाही, असं मी स्वतःला बजावत होते. मात्र दुसरी जोडी पलीकडे ठेवायला मी विसरत नव्हते.

हात भराभर सुधारला. मूठ मिटायला लागली, वाटी उचलता यायला लागली. राहिला होता अंगठा. अंगठा तळव्यावर आडवा फिरला म्हणजे हात कामाला आला, असं आम्ही मानतो. त्याचे व्यायाम मी द्यायच्या आधीच एके दिवशी त्या बोलता बोलता हात हलवत होत्या. डावा तळवा पसरलेला आणि त्यावर उजवा अंगठा घोळतोय, घासतोय, मधेच थांबून चिमूट झटकतोय.

तंबाखू मळायची तऱ्हा होती ती. चुना जरा जास्त झाला की रखमाजी अशीच चिमूट झटकायचे.

"हे तुम्ही करताय का?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "मी कशाला करू बाई? मला का तंबाखू लागती?"

हात थांबला नाही. त्या बघत राहिल्या आणि हात आपलं काम उरकत राहिला.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. ही आमची नेहमीची तपासणी असते. कापसाच्या बोळ्याने हाताला ठिकठिकाणी शिवायचं, पेशंटने सांगायचं कुठे कळलं. मनगटापुढे काहीच कळत नव्हतं, पहिल्यासारखंच. मग मी सुईचं टोक अगदी हलकेच तळव्याला लावलं. हात झटकन मागे गेला.

"कळलं का?"

"काय?" डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "लावलं का काई?"

हात छातीशी आखडून बसला होता. बाई शांत पडल्या होत्या. असं होऊ शकतं, त्याला पुस्तकात नाव आहे, ते नाव मी मनात दोनतीनदा म्हटलं.

निघताना त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "म्याडम, त्यांचा करंट जरा कमी ठेवा. सवय सुटली न आता. त्यांला तेवढा सोसत न्हाई."

५

त्यानंतर त्या आल्या तेव्हा भांग वाकडा होता. मधून निघून कानाकडे गेलेला. वेणीला ती तशीच वेडीवाकडी गाठ.

"हातानं घातली," त्या म्हणाल्या. चेहरा असा खुलला होता की मला भरून आलं. रोज वेणी घालून देणाऱ्या शेजारणीला त्यांनी सांगून टाकलं होतं, आता येऊ नको म्हणून.

मी दोन्ही जोड्या चालू केल्या. बाहेर बाजार भरलेला, खाली खताच्या पोत्यांची चढउतार, कुणीतरी कुणाच्या नावाने शंख करत होतं. भर दुपारची वेळ. अशा वेळी भ्यायचं कसं, असं मला वाटलं आणि म्हणूनच मी पडदा धरला. हळू सारला असता तर कदाचित काही दिसलंही नसतं. मी एकदम ओढला.

दोन्ही पॅड चादरीवर नव्हते. चादरीपासून वीतभर वर, एकमेकांशेजारी, काहीतरी गोलसर खाली असावं तसे टेकलेले होते. आणि किंचित वर, किंचित खाली होत होते. पालथं झोपलेलं माणूस श्वास घेतं तेव्हा कंबर होते, तेवढेच.

मग ते पडले. मशीन पीं पीं करायला लागलं.

मी दोन्ही बटणं बंद केली. "आजपासून एकच जोडी," मी म्हटलं. "दुसरी मी काढून ठेवणार. मला हे जमायचं नाही."

दैवशालाबाई उठून बसल्या. उजवा हात बाजूला लोंबत होता, मेल्यासारखा. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"तुमाला भ्या वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. "वाटणारच. तुमच्या जागी मी असते तर पळून गेले असते. पर मला न्हाई वाटत, म्याडम. माणूस जन्मभर शेजारी निजलेला हाय. त्यो आता भूत झाला म्हणून मी त्याला भ्यावं का?"

"तुमच्या हातात तुम्ही राहिला नाहीत, तर?"

"मंग काय झालं? वरीसभर त्या हातात कुणीच नव्हतं." त्या थोडं थांबल्या. "दिवाळीपर्यंत चालू ठेवा. मला तिसऱ्या मजल्यावर नगा धाडू. तिथं त्यांला रस्ता बी ठाव न्हाई."

मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवाही वाटत होता. संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरते तेव्हा माझ्या घरात कुणी नसतं. मी पडदा ओढून घेतला, पॅड पलीकडे ठेवले आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागेपर्यंत श्वास रोखून धरला होता, तो मग सोडला.

६

दिवाळी झाली आणि सोमेश्वर आईला घेऊन आला. चांगला माणूस. जिना चढताना आईची पिशवी त्याच्या खांद्यावर होती आणि दर पायरीला तो मागे वळून बघत होता.

त्या दिवशी मशीन मी लावलंच नव्हतं. सकाळी आल्याआल्या पलीकडच्या खाटेला हात लावून पाहिला होता. गादी गार पडली होती. कालपर्यंत ती तशी नसायची. वायरी मी गुंडाळून खिळ्याला टांगल्या होत्या. आता हात चालणार नाही, असंच मी धरून चालले होते, आणि मुलासमोर काय बोलायचं ते जुळवत होते.

"म्याडम, खरं सांगा," सोमेश्वर म्हणाला. "फोनवर माय म्हणती हात आला. लकव्याचा हात असा येतो का? मला तिला जबरदस्ती न्यायची न्हाई. पर उद्या चुलीपाशी पडली, हातातून काही सुटलं, तर कोण हाय तिथं?"

"दाखवा त्यांना," मी दैवशालाबाईंना म्हटलं.

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, फुलपात्रात पाणी ओतलं, एक थेंब सांडला नाही. पदराला गाठ मारली, सोडली. करंट नव्हता, दिवा नव्हता. मी खिळ्यावरच्या वायरींकडे पाहिलं आणि परत त्या हाताकडे. सोमेश्वर बघतच राहिला. "माय, काय कमाल केली तू," म्हणून त्याने पुढे होऊन आईच्या खांद्याला हात लावला.

उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

तो हसला. मग हसू विरलं. तो हात सोडवू बघत होता, पण जोर लावायचं त्याला सुचत नव्हतं. त्याच्या मनगटाची कातडी बोटांखाली पांढरी पडली. दैवशालाबाईंचा खांदा सैल होता, दंड सैल होता. जोर होता तो फक्त मनगटापुढे.

"आबा असंच धरायचे," तो हळूच म्हणाला. माझ्याकडे बघत म्हणाला, जणू मी काहीतरी सांगेन. "मी परत जायला निघालो की. बस आली तरी सोडायचे न्हाईत."

खाली कुणाच्या तरी मोटारसायकलला किक बसत नव्हती, तेवढा आवाज येत होता.

दैवशालाबाईंनी मान खाली घातली आणि आपल्याच हाताला म्हणाल्या, "अहो, सोडा आता. पोरगं हाय. त्याला जायचं हाय."

एकेक करून बोटं उघडली. करंगळी सगळ्यात शेवटी.

सोमेश्वरने मनगट चोळलं नाही. ते तसंच पुढे धरून तो उभा होता. "म्याडम," तो म्हणाला, "काय करू मी?"

मी दवाखान्यात बसून हजारो माणसांना सल्ले दिले आहेत. असा कुणी मागितला नव्हता. पडद्याआड मी जे पाहिलं होतं ते सांगितलं असतं तर तो आईला त्याच क्षणी उचलून घेऊन गेला असता.

"राहू द्या त्यांना," मी म्हटलं. "नीट राहतील."

त्याने मान हलवली. मग वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना तो अडखळला, थोडा वेळ त्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत राहिला, आणि गुडघ्यांवर बसून त्याने त्या हातावर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. दैवशालाबाई तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हत्या. आष्टीची बस लागली का, म्हणून मान उंच करून खिडकीतून खाली बघत होत्या. हात हळूच त्याच्या कपाळाखालून निघाला, त्याच्या पाठीवर गेला, आणि मोठ्या माणसाने लहान पोराला थोपटावं तसा थोपटत राहिला.